जागरणास श्वानाची हजेरी

प्रश्न : इंदापुरास जागरण-गोंधळासाठी भावकी जमणार आहे, बारामतीचे धाकटे बंधू कुत्रा आणू म्हणतात. परवानगी द्यावी काय?

उत्तर : खंडोबाच्या परिवारात श्वानास मानाचे स्थान असल्याने धर्माची हरकत निघत नाही, परंतु ज्यास एकांताची सवय, तो प्राणी संबळ-दिमडीच्या गजराने व अनोळखी बालकांच्या सलगीने भयभीत होऊन चावण्याचा संभव असतो, सबब रेबीजच्या लसीचा दाखला आगाऊ मागवावा, मागील दारची खोली त्याच्यासाठी मुक्रर करावी आणि कांदा, मनुका त्याच्या मुखी जाऊ देऊ नयेत (पुरणपोळी आजी घालणारच!). चावा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवशी भिगवणला उजनीकाठी रोहित पक्षी पाहण्याचा बेत असल्यास मात्र श्वानास घरीच ठेवावे.