चाबकाआधीं हात : घोड्याच्या अंगमर्दनाविषयीं

पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं आपल्या मोताळा तालुक्यांत बैलांची खांदमळणी होते. ऊन पाण्यानें बैलाचा खांदा शेकावयाचा, मग हळद व तूप लावून तो हातानें हळूहळू मळावयाचा, ही रीत आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणापासून पाहिली आहे. रीत सणाची खरी; पण तिच्या पोटीं शास्त्र आहे. जूं जेथें बसतें तेथील कातडें व त्याखालील स्नायु वर्षभर दबत आणि घासत असतात. शेक व मर्दन यांनीं त्यांस आराम पडतोच. शिवाय मळणाऱ्याच्या हातास तेथें गांठ आहे कीं सूज आहे, हेंहि कळून येतें. बैलास जें मुख्यतः सणाला मिळतें, तें चांगल्या पागेंतील घोड्यास पूर्वीं नित्य मिळत असे. त्या नित्यसेवेचा, म्हणजे खरारा व अंगमर्दन यांचा, विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ही विद्या फार जुनी आहे. ग्रीस देशांतील झेनोफन या सेनानीनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. घोड्याच्या कण्यावर कोणतेंहि हत्यार न चालवितां केसांच्या वळणानें केवळ हात फिरवावा, असें त्यानें त्यांत सांगितलें आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून घोड्यांचें खाणें, स्नान व औषधोपचार यांचे नियम घालून दिले आहेत. मराठ्यांच्या फौजेंत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा लंगडला म्हणजे त्याची भाकरच गेली. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस एक पत्र पाठविलें. दाणागवत आतांच उधळलें तर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, अशी कडक समज त्यांत दिली आहे. ज्या राज्याचें बळ घोड्यावर, त्या राज्याचा धनी घोड्याच्या सुखदुःखाकडे किती बारकाईनें पाहत होता, हें यावरून दिसतें.

मलकापूरच्या आगगाडीच्या स्थानकावर उतरून मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्यास जाणारा प्रवासी मोटारी येण्यापूर्वीं बैलगाडीचा किंवा टांग्याचा आश्रय करी. आज त्या वाटेवर मोटारी धांवतात. तथापि घोड्याचे दिवस अगदींच सरले असें नाहीं. आपल्या नळगंगेचें पाणी पूर्णेंत व पूर्णेचें तापींत जातें. त्याच तापीच्या कांठीं, नंदुरबार जिल्ह्यांत सारंगखेडा येथें, दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माथेरानला खासगी मोटारींस मनाई आहे. तेथें विजेच्या रिक्षा आल्या असल्या तरी प्रवासी व सामान अजून घोड्यांवरून नेतात. वरातींतील घोडी तर आपण सर्वच पाहतों. अशा प्रत्येक जनावरावर कोणा ना कोणा कुटुंबाची चूल अवलंबून असते.

आतां घोड्याच्या शरीराची रचना पाहूं. मनुष्याचा खांदा हांसळीच्या हाडानें छातीच्या पिंजऱ्यास जोडलेला असतो. घोड्यास हें हाडच नाहीं. त्याचें धड पुढल्या दोन पायांच्या मध्यें केवळ स्नायूंच्या झोळींत टांगलेलें असतें. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारें शेकडा साठ भाग पुढल्या पायांवर पडतो, म्हणून या झोळीस विसांवा असा थोडाच. स्वार बसला कीं त्याचा भार कण्याच्या दोहों बाजूंच्या लांब स्नायूंवर येतो. उलट पुढल्या गुडघ्याखालीं व मागच्या ढोपराखालीं मांसल स्नायु जवळजवळ नसतातच. तेथें हाडें आणि दोरासारख्या बळकट कंडरा असतात. यावरून मर्दनाचा पहिला नियम निघतो : मान, खांदे, पाठ व पुठ्ठे यांस मळावें, आणि पायांच्या खालच्या भागावरून केवळ हलका हात फिरवावा.

श्रमानें स्नायु आखडतो, व आखडलेला स्नायु दुखतो. मग घोडा पाऊल आंखूड टाकतो, दुखऱ्या भागाचा भार दुसऱ्या भागावर देतो, आणि कांहीं दिवसांनीं तोहि भाग दुखूं लागतो. हें सांगावयास त्यास वाचा नाहीं. तो कान मागें पाडतो, शेपटी झाडतो, खोगीर चढवितांना चावूं पाहतो, चढावर अडतो. मालक म्हणतो, घोडा अडेल झाला. आणि चाबूक उगारतो. २०१८ सालीं इंग्लंडांतील पशुवैद्य स्यू डायसन व त्यांचे सहकारी यांनीं स्वारीखालील घोड्याच्या अशा २४ वर्तनलक्षणांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं आठ किंवा अधिक लक्षणें एकाच घोड्यांत दिसलीं, तर त्याच्या हाडांत, सांध्यांत वा स्नायूंत दुखणें असण्याचा फार संभव आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपण ज्यास वाईट खोड म्हणतों, तें पुष्कळदां दुखणें असतें. आणि दुखण्यावर चाबूक हें औषध नव्हे. म्हणून घोडा अडला असतां प्रथम त्याच्या अंगावर हात फिरवून पाहावा, हेंच या लेखाचें मुख्य सांगणें आहे.

मर्दनाची रीत अशी. काम आटोपल्यावर घोड्यास दहापंधरा मिनिटें सावकाश चालवून त्याचा घाम व धाप उतरूं द्यावी. मग खरारा करून धूळ काढावी. धुळीसकट चोळलें तर कातडें सोलतें. घोड्यास सैल बांधावें, त्याच्याशीं बोलत डाव्या खांद्याच्या बाजूनें जवळ जावें. त्याच्या ठीक मागें उभें राहूं नये, व पायांशीं बसूं नये. लहान मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखतच करावें.

प्रथम पाहणी. तळहात सपाट ठेवून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवावा. कोठें ऊन लागतें, कोठें फळीसारखें कठीण लागतें, कोठें कातडें थरथरतें, तें ध्यानांत ठेवून दोन्ही बाजू ताडून पाहाव्या. त्यानंतर केसांच्या वळणानें लांब व हलके हात द्यावे. स्नायु उबदार झाले म्हणजे कणीक मळावी तसे ते तळहाताच्या बुडानें दाबावे व सोडावे. दाब बेताबेतानें वाढवावा. कण्यावर आणि वर आलेल्या हाडांवर दाब देऊं नये. शेवटीं पुन्हां हलके हात द्यावे. एका बाजूस पंधरा मिनिटें पुरेशीं होतात. आपला हात योग्य पडला कीं नाहीं हें घोडाच सांगतो. मान खालीं येणें, डोळे अर्धवट मिटणें, खालचा ओठ सैल पडणें, जांभई देणें, हीं समाधानाचीं चिन्हें होत. तो अंग चोरूं लागला किंवा कान मागें पाडूं लागला, तर दाब तत्काळ कमी करावा.

मर्दनानंतर गाजराचा एक तुकडा घोड्याच्या बरगडीजवळ धरावा, म्हणजे तो आपण होऊन मान वळवितो. त्याची मान ओढूं मात्र नये. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत आठ घोड्यांकडून असा व्यायाम आठवड्यांतून पांच दिवस, तीन महिने करविला. तेव्हां कण्यास आधार देणारे खोल स्नायु जाड झाल्याचें आढळलें.

घोडीं एकमेकांस मानेच्या मुळाशीं दांतांनीं खाजवितात, हें आपण पाहिलें असेल. १९९३ सालीं फ्रान्समधील फे व द माझिएर या संशोधकांनीं कामार्ग प्रदेशांतील घोड्यांस नेमक्या त्याच जागीं हातानें खाजवून पाहिलें, तों त्यांच्या हृदयाचे ठोके मंद झाले. दुसऱ्या जागीं खाजविल्यानें तसें झालें नाहीं. अमेरिकेंतील जॅक मीगर हे मुळांत माणसांचे मर्दनकार. त्यांनीं आपली कला घोड्यांस लावली, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या वेळीं आपल्या देशाच्या घोड्यांवर काम केलें, आणि पुढें १९८५ सालीं या विषयावर पुस्तक लिहिलें.

परंतु मर्दन म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. तुटलेली कंडरा त्यानें सांधत नाहीं, मोडलेलें हाड जुळत नाहीं. ताप, उघडी जखम, ताजी व गरम सूज, कातड्याचा सांसर्गिक रोग किंवा पोटशूळ असतां मर्दन करूं नये. कांहीं दिवस बसून भरपूर दाणा खाल्लेला घोडा एकाएकीं कामास लावला, तर कधीं कधीं त्याचे पुठ्ठे दगडासारखे घट्ट होतात व मूत्र काळसर तांबडें होतें. अशा वेळीं त्यास चोळूं नये व चालवूंहि नये. तत्काळ पशुवैद्यास बोलवावें.

शिवाय दुखण्याचें कारण तसेंच ठेवून रोज चोळणें म्हणजे गळक्या छपराखालीं पाणी पुसत बसणें होय. खोगीर कण्यावर टेकतां कामा नये. मागून पाहिलें असतां मधून उजेड दिसला पाहिजे. तंग चिमटत नाहीं ना, तें पाहावें. खुर दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाकडून पाहून घ्यावे. ओझें बेताचें असावें, चढणीच्या आधीं घोड्यास थोडें सावकाश चालवावें, आणि पाणी व सांवली यांत कुचराई करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं थोड्यांच्याच घरीं घोडा असेल. पण बैल, गाय किंवा म्हैस पुष्कळांच्या दारीं आहे. यंदाच्या खांदमळणीस वडिलांच्या शेजारीं उभे राहा, आणि हळदीचा हात लावतांना बैलाच्या दोन्ही खांद्यांत कांहीं भेद लागतो काय, तें पाहा. लागल्यास वडिलांस सांगा, व जूं तपासून पाहा. आणि सण सरल्यावर आठवड्यांतून एक सायंकाळ तरी त्या पाहणीस द्या. कारण खांदा दुखावयास पोळ्याची वाट पाहत नाहीं.