दोन वृद्ध धावपटू

कॅनडा देशात ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी टोरांटो नावाचे मोठे शहर वसले आहे. १६ ऑक्टोबर २०११ या दिवशी सकाळी या शहराचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. तो मॅरेथॉन शर्यतीचा दिवस होता. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची दौड. धडधाकट तरुणही या शर्यतीसाठी कित्येक महिने सराव करतात. तरीसुद्धा अखेरच्या टप्प्यात त्यांचे पाय जड होतात आणि श्वास अपुरा पडू लागतो.

त्या दिवशी धावणाऱ्या हजारो स्त्रीपुरुषांत दोन वृद्ध गृहस्थ होते. एकाचे वय ८० वर्षांचे. दुसऱ्याचे, पासपोर्टातील नोंदीप्रमाणे, पुरे १०० वर्षांचे. पहिल्याचे नाव एड व्हिटलॉक आणि दुसऱ्याचे फौजा सिंग. दोघांनीही ती शर्यत पुरी केली. रस्ता एकच होता. परंतु त्या रस्त्यापर्यंत ते दोन अगदी निराळ्या वाटांनी येऊन पोहोचले होते.

एड व्हिटलॉक यांचा जन्म ६ मार्च १९३१ रोजी इंग्लंडात झाला. विद्यार्थिदशेत ते उत्तम धावत असत. पुढे ते खाणकामाचे अभियंते झाले आणि नोकरीनिमित्त कॅनडात जाऊन तेथेच स्थायिक झाले. संसार आणि नोकरी यांच्या व्यापात धावणे मागे पडले. वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी पुन्हा पायांत धावण्याचे बूट चढवले. मॅरेथॉनचा नाद मात्र त्यांना मुलामुळे लागला. त्यांच्या धाकट्या मुलाने वयाच्या चौदाव्या वर्षी मॅरेथॉन धावण्याचा हट्ट धरला. एवढ्या लांबच्या शर्यतीत मुलाला एकट्याने कसे सोडावे, म्हणून वडीलही त्याच्याबरोबर उतरले. मुलाच्या हट्टापायी सुरू झालेले ते धावणे पुढे वडिलांना जन्मभर पुरले.

सत्तरीच्या उंबरठ्यावर आल्यावर व्हिटलॉक यांनी एक अवघड पण केला. सत्तर वर्षांवरील कोणाही माणसाने तोपर्यंत तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केलेली नव्हती. त्यासाठी ताशी चौदा किलोमीटरांहून अधिक वेगाने सलग तीन तास धावावे लागते. सावकाश चालणाऱ्या सायकलस्वाराला मागे टाकील असा हा वेग आहे. २००१ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी पहिला प्रयत्न केला आणि यशाने त्यांना अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळाने हुलकावणी दिली. त्यानंतर गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना घरी बसवले. वय वाढत होते. एकेक दिवस जात होता तो त्यांच्या विरुद्ध पक्षालाच मिळत होता. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. २००३ साली टोरांटो येथे, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, त्यांनी २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. पुढच्याच वर्षी त्यांनी हा वेळ २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांवर आणला.

हे यश कोणत्याही जादूने मिळालेले नव्हते. व्हिटलॉक टोरांटोजवळ मिल्टन या गावी राहत. त्यांच्या घराजवळ एक जुनी दफनभूमी होती. तिच्यातील झाडांच्या सावलीतून जाणाऱ्या लहानशा वाटेवर ते रोज फेऱ्यांमागून फेऱ्या घालीत. पुष्कळदा हा सराव सलग तीन तास चाले. त्यांना कोणी शिक्षक नव्हता, खास आहार नव्हता. अंगावरचे कपडे आणि पायांतील बूटही जुनेच असत. विशेष म्हणजे, हा रोजचा सराव आपल्याला कंटाळवाणा वाटतो, असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांना आवड होती ती शर्यतीची आणि विक्रमाची. आवडत्या गोष्टीसाठी नावडते कष्ट रोज बिनतक्रार करावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

फौजा सिंग यांची कथा पंजाबात सुरू होते. जालंधर जिल्ह्यातील ब्यास हे त्यांचे गाव. त्यांच्या पासपोर्टात १ एप्रिल १९११ ही जन्मतारीख होती. लहानपणी त्यांचे पाय इतके दुबळे होते की, पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हते. त्या काड्यांसारख्या पायांवरून गावातील पोरे त्यांना चिडवीत. मोठेपणी ते शेतकरी झाले. शाळेचे तोंड न पाहिल्यामुळे त्यांना लिहितावाचता येत नव्हते. परंतु शेतीच्या कष्टांनी शरीर काटक बनले होते.

म्हातारपणी मात्र त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. १९९२ साली पत्नी निवर्तली. त्यांची थोरली मुलगीही बाळंतपणात दगावली होती. १९९४ साली तर त्यांच्या डोळ्यांदेखत एका मुलाचा अपघाती मृत्यू झाला. ज्या शेतात मुलाबरोबर राबावयाचे, त्या शेतात आता पाऊल टाकवेना. मन कशातच रमेना. अखेर ते लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या दुसऱ्या मुलाकडे गेले. परका देश, परकी भाषा, आणि उराशी हे दुःख! बसून राहावे तर आठवणी छळत. म्हणून ते चालू लागले, आणि चालता चालता धावू लागले.

एके दिवशी दूरदर्शनच्या पडद्यावर त्यांनी मॅरेथॉन शर्यत पाहिली आणि आपणही धावावे असे त्यांच्या मनाने घेतले. हरमंदर सिंग नावाच्या शिक्षकाकडे ते सरावासाठी गेले, ते चक्क कोट, जाकीट आणि पाटलोण असा पुरा पोशाख घालून! मॅरेथॉन सव्वीस किलोमीटरांची असते, असा त्यांचा समज होता. ती सव्वीस मैलांची, म्हणजे बेचाळीस किलोमीटरांहूनही अधिक अंतराची असते, हे त्यांना मागाहून कळले. तरी त्यांनी माघार घेतली नाही. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, लंडनची मॅरेथॉन त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या नाजूक बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत मिळावी, म्हणून ते त्या वेळी धावले. आयुष्याच्या अखेरच्या टोकाशी उभा असलेला माणूस, नुकतेच डोळे उघडलेल्या बालकांसाठी धावत होता!

वृद्धपणी असे धावणे सोपे का नसते, हेही समजून घेतले पाहिजे. वय वाढते तसतसे हृदयाचे ठोके एका मर्यादेपलीकडे जलद पडू शकत नाहीत. त्यामुळे स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा कमी होतो. स्नायूही हळूहळू झिजतात आणि दुखापत बरी होण्यास अधिक काळ लागतो. हा ऱ्हास कोणालाच पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु नियमित व्यायामाने त्याचा वेग पुष्कळ कमी करता येतो. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी व्हिटलॉक यांची वयाच्या ८१ व्या वर्षी तपासणी केली. तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती व्यायाम करणाऱ्या महाविद्यालयीन तरुणाइतकी असल्याचे आढळून आले.

आता पुन्हा टोरांटोच्या त्या सकाळकडे वळू. शर्यत सुरू झाली. व्हिटलॉक एकसारख्या गतीने पुढे निघाले. दर किलोमीटरला पाच मिनिटांहूनही कमी वेळ, असा त्यांचा वेग होता. त्यांनी ३ तास १५ मिनिटांत आणि वर काही सेकंदांत शर्यत संपवली. ऐंशी वर्षे वयाच्या धावपटूंचा तो नवा विश्वविक्रम ठरला.

फौजा सिंग तेव्हा फार मागे होते. दुपार झाली, कलली. बहुतेक धावपटू घरोघर परतले. अंतिम रेषेजवळचे कठडे आणि फलक कामगार काढू लागले होते. आणि तेवढ्यात पिवळा फेटा बांधलेली, पांढऱ्या दाढीची, कृश आकृती हळूहळू पुढे येताना दिसली. आठ तासांहून अधिक काळ चालून आणि धावून फौजा सिंग अंतिम रेषेपाशी पोहोचले. शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पुरी केलेला माणूस जगाने त्यापूर्वी पाहिला नव्हता.

व्हिटलॉक यांचा विक्रम पुस्तकात नोंदवला गेला. फौजा सिंग यांचा नोंदवला गेला नाही. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस या संस्थेने जन्माच्या वेळी केलेला दाखला मागितला. तो फौजा सिंगांपाशी नव्हता. त्यांचा पासपोर्ट होता, शंभराव्या वाढदिवसानिमित्त इंग्लंडच्या राणीने धाडलेले पत्र होते. परंतु ज्या काळी आणि ज्या खेड्यात ते जन्मले, तेथे जन्माचे दाखलेच दिले जात नसत. काहींनी त्यांच्या वयाविषयी शंकाही घेतली.

या निर्णयाचा अनेकांना राग आला. तथापि शांतपणे विचार केला, तर दोन्ही बाजू ध्यानात येतात. वयाचा विक्रम ठरवावयाचा, तर वयाचा पुरावा पाहिलाच पाहिजे. नाहीतर कोणीही उठून काहीही सांगेल आणि खऱ्या विक्रमालाही किंमत उरणार नाही. उलट, गरिबाच्या घरी जन्मलेल्या बालकाची नोंद कोणी ठेवली नाही, हा त्या बालकाचा दोष नव्हे. कागदाने वय सिद्ध झाले नसेल. पण बेचाळीस किलोमीटरांचा रस्ता त्या वृद्ध पावलांनी तुडवला, हे हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. फौजा सिंगांनी या प्रकाराने धावणे थांबवले नाही. ते वहीत नाव लिहिले जावे म्हणून धावू लागलेच नव्हते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये हाँगकाँग येथे १० किलोमीटरांची शर्यत सुमारे दीड तासात पुरी करून त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला. चालणे मात्र त्यांनी सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या गावाजवळ पायी जात असता एका वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. पासपोर्टातील नोंदीप्रमाणे त्या वेळी त्यांचे वय ११४ वर्षांचे होते.

व्हिटलॉक यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्याच टोरांटो शहरात ३ तास ५६ मिनिटे ३४ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. त्या वयात चार तासांच्या आत हे अंतर धावणारे ते पहिलेच. पुढे पाचच महिन्यांनी, १३ मार्च २०१७ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सत्तरीवरील धावपटूंचा त्यांचा विक्रम २०२२ साली नेदरलँड्समधील एका ७१ वर्षांच्या धावपटूने मोडला. विक्रमाचे आयुष्य असे मर्यादित असते. परंतु जेथे पूर्वी वाट नव्हती, तेथे पहिली पाऊलवाट पाडणाऱ्याचे ऋण मागून येणाऱ्यावर राहतेच.

एकाने घड्याळाशी झुंज घेतली, दुसऱ्याने दुःखाशी. म्हातारपण दोघांनाही आले होते. ते त्यांनी नाकारले नाही. त्याला बरोबर घेऊनच ते रोज सकाळी घराबाहेर पडले.

स्वाध्याय

१. व्हिटलॉक मॅरेथॉनकडे कसे वळले?
२. फौजा सिंग धावू का लागले?
३. वय वाढल्यावर शरीरात कोणते बदल होतात?
४. फौजा सिंग यांचा विक्रम का नोंदवला गेला नाही? त्याविषयी तुमचे मत कारणे देऊन लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हुलकावणी देणे, माघार घेणे, दुःखाचे डोंगर कोसळणे.