स्टंपमागे जागा एकच

भोपाळमधल्या मराठी पालकांचा प्रश्न साधारण असा असतो: मुलगा विकेटकीपिंग चांगली करतो, सर म्हणतात रणजीपर्यंत जाईल, पण भारताकडून खेळलाच नाही तर पुढे काय? प्रश्न रास्त आहे. संघात फलंदाज सहा-सात लागतात, गोलंदाज चार-पाच. यष्टिरक्षक मात्र एकच. पुढचा माणूस जखमी होईपर्यंत दुसऱ्याने बाकावर बसायचे.

उज्जैनच्या नमन ओझाची कारकीर्द म्हणूनच नीट पाहावी. २०००-०१ च्या मोसमात तो प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आला आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला. रणजी करंडकात यष्टींमागे ३५१ बळी, हा निवृत्तीच्या वेळी विक्रम होता. भारताकडून कसोटी मिळाली एकच, २०१५ मध्ये कोलंबोत, तीही वृद्धिमान साहा जखमी झाला म्हणून. या माणसाला अपयशी म्हणणे मला साफ नामंजूर आहे. वीस मोसम त्याने आवडते काम उत्तम केले आणि त्यावर घर चालवले.

अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगमधला कॅचर याच वाटेने जातो. वर्षानुवर्षे बसने गावोगाव फिरायचे, गुडघे झिजवायचे, आणि बहुतेकांना मेजर लीग दिसतही नाही. तिथल्या खेळाडूंची संघटना २०२२ मध्ये झाली, तेव्हा कुठे पगार सुधारले.

आपल्याकडचा हिशेब पालकांनी स्वतः मांडावा. बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरानुसार वरिष्ठ संघातल्या नवख्याला दिवसाला ४०,००० रुपये आणि चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला ६०,००० मिळतात. रणजीच्या एलिट गटात साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवसांचे. म्हणजे सगळे सामने खेळणाऱ्या नवख्याला कर वजा होण्याआधी ११ लाख २० हजार. राखीव खेळाडूला निम्मे. संघाबाहेर असलेल्याला यातला एक रुपयाही नाही, आणि राज्यातली बहुतेक मुले याच तिसऱ्या गटात राहतात.

वाट भोपाळ विभागाच्या संघातून इंदूरला, मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेकडे जाते. पुढे १६ वर्षांखालील विजय मर्चंट, १९ खालील कूचबिहार, २३ खालील सी. के. नायडू करंडक. सोळाखालच्या गटात हाडांचा एक्स-रे काढून वय तपासतात, तेव्हा जन्मतारखेशी खेळ करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे मुलाला पुन्हा पाठवू नका. नुसते झेल घेऊनही आता भागत नाही. २०२२ च्या रणजी उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशचा यष्टिरक्षक हिमांशू मंत्री याने बंगालविरुद्ध सलामीला येऊन १६५ धावा केल्या होत्या. आणि गुडघे! नव्वद षटके म्हणजे दिवसाला ५४० उठाबशा. बारा वर्षांच्या पोराला रोज एवढे वाकवू नये. दुखते म्हणाला की त्याच दिवशी थांबवा.

या जागेची खरी कमाई उशिरा हाती येते. यष्टिरक्षकाला सारे मैदान समोर दिसते; गोलंदाजाचे मनगट, फलंदाजाचे पाऊल, कप्तानाची चूक, सगळे. मुंबईचे चंद्रकांत पंडित भारताकडून पाच कसोटी खेळले. १९९८-९९ मध्ये ते मध्य प्रदेशचे कप्तान असताना बेंगळुरूत रणजीचा अंतिम सामना हरले. २०२२ मध्ये त्याच शहरात, प्रशिक्षक म्हणून, त्यांनी मुंबईला हरवून मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. त्याआधी विदर्भाला सलग दोन मिळवून दिले होते. बडोद्याचे किरण मोरे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. प्रशिक्षणाची परीक्षा, पंचगिरी, रेल्वेची खेळाडू भरती, ही दारे मुलींनाही उघडी आहेत. सिंगरौलीची नुजहत परवीन २०१७ च्या विश्वचषक संघात राखीव यष्टिरक्षक होती, ती रेल्वेकडूनही खेळली.

माझा सल्ला असा. पदवी सोडू देऊ नका, बाहेरून परीक्षा द्यावी लागली तरी चालेल. तेविसाव्या वर्षापर्यंत राज्याच्या संघात जागा झाली नाही, तर घरात शांतपणे बसून नोकरी आणि प्रशिक्षणाचा विचार करा. आणि तो विचार करताना, मुलासमोर किंवा नातेवाइकांसमोर, त्याची वर्षे फुकट गेली असे चुकूनही म्हणू नका.