कुत्र्याचे वय दातांवरून कसे ओळखावे ?

बैलाचा सौदा करताना शेतकरी त्याचे दात पाहिल्यावाचून राहत नाही. मळ्याच्या राखणीसाठी कुत्रे आणताना मात्र वयाची चौकशी सहसा होत नाही. वस्तुतः पिसाळरोगाची पहिली लस केव्हा टोचावयाची, हे पिल्लाच्या वयावर ठरते. जन्माची तिथी ठाऊक नसल्यास दातांवरून वयाचा अदमास करता येतो.

पिल्लू जन्मते तेव्हा त्यास दात नसतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात दिसू लागतात आणि सुमारे दोन महिन्यांत ते सर्व येतात. त्यांची संख्या २८ असते : पुढचे दात १२, सुळे ४ व दाढा १२. हे दात बारीक व सुईसारखे अणकुचीदार असतात.

तीन महिन्यांनंतर पुढचे दात पडू लागतात. प्रथम मधली जोडी पडते. ती पडलेली दिसली, की पिल्लाने साधारणतः तीन महिने ओलांडले असे समजावे. पाचव्या-सहाव्या महिन्यात कायमचे सुळे येतात व सातव्या महिन्याच्या सुमारास ४२ दात पुरे होतात.

पुढे झिजेवरून अंदाज करावा लागतो. पुढच्या नव्या दाताच्या कडेला तीन कंगोरे असतात. सुमारे दोन वर्षांनी खालच्या मधल्या जोडीचे कंगोरे झिजतात, तीन वर्षांच्या सुमारास तिच्या शेजारच्या जोडीचे, तर चौथ्या वर्षी वरच्या मधल्या जोडीचे. हाडे वा दगड चघळणाऱ्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात. यास्तव एका वर्षाच्या पुढचे वय अंदाजाचेच मानावे.

सावधगिरीची सूचना : दात फक्त आपल्या परिचयाच्या व निरोगी जनावराचेच पाहावेत. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल व पाणी गिळता येत नसेल, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. हीच पिसाळरोगाची लक्षणे असू शकतात. हातावरील लहानशा ओरखड्यातूनही लाळेतील विषाणू शरीरात शिरतात. रोगाची लक्षणे माणसात उमटल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. लाळ जखमेला लागल्यास, अथवा कुत्रे चावल्यास, मग ते लहान पिल्लू का असेना, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब सरकारी दवाखाना गाठावा.

आपले पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पुढील लशी पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्याव्यात. घराची राखण करणाऱ्या प्राण्याची एवढी राखण आपणही करावयास हवी.