पटवून देणारा निबंध : आधी आराखडा, मग लेखन

स्पर्धा परीक्षेत वैचारिक निबंध आला की आपली मुले-मुली थेट लिहू लागतात. मग घोषणा पुष्कळ होतात, पुरावा थोडा राहतो. निबंध हा आपल्या मताशी सहमत असलेल्यांसाठी नसतो. जो सहमत नाही त्याला पटवायचे असते. म्हणून आधी कच्च्या कागदावर आराखडा करावा.

नमुना म्हणून महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगास दिलेले निवेदन आपण पाहू. त्यात चार गोष्टी स्पष्ट दिसतात.

१) वाचक : समोर सरकारी आयोग. म्हणून प्रारंभीच स्वतः शाळा चालविल्याचा अनुभव सांगितला.

२) मागणी : प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे.

३) आधार : महसूल रयतेच्या श्रमातून येतो, खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो.

४) विरोधी मत : वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल. हे मत त्यांनी टाळले नाही. त्याला आधार काय, असा उलट सवाल केला.

आपणही हीच चार उत्तरे प्रथम लिहावीत, त्यांचा क्रम लावावा, मगच मसुदा करावा. घरी सराव करताना तो मोठ्याने वाचावा आणि ज्या विधानामागे आधार नाही ते खोडावे. परीक्षेत तासाभरातील दहा मिनिटे आराखड्यास द्यावीत.

मागणी रास्त असूनही मांडणी ढिली असली, तर नाकारणाऱ्यास आयतेच निमित्त मिळते. ते आपण देऊ नये.