जपानची सहल: आधी ताट, मग तिकीट

जपानला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी शहरांची यादी तयार होते. टोकियो, फुजी, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा. आठ दिवसांत सगळं बसवायचं. मग सहलीचा निम्मा वेळ स्टेशनांवर आणि सामान ओढण्यात जातो, आणि भूक लागेल तिथे, मिळेल ते खाल्लं जातं. ज्यांना जपान त्याच्या जेवणातून आणि कलांमधून पाहायचं आहे, त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात करावी. कोणत्या शहराचं ताट खास त्याचंच आहे हे आधी ठरवा. मुक्काम आणि तिकिटं त्यामागून येऊ द्या. युनेस्कोने २०१३ साली ‘वाशोकू’ला, म्हणजे जपानी खाद्यपरंपरेला, अमूर्त वारशात स्थान दिलं. तिथे ऋतू, सणवार आणि जेवण यांची सांगड फार घट्ट आहे. त्यामुळे आखणीची पहिली पायरी कॅलेंडरची.

१. महिना ठरवा

चेरीचा बहर टोकियो-क्योटोत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. तेव्हा गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही शिगेला पोचतात. आपल्या शाळांच्या सुट्ट्या सांभाळून जाणाऱ्यांनी २९ एप्रिल ते ५ मे हा ‘गोल्डन वीक’ टाळावा, कारण त्या आठवड्यात सगळा जपान प्रवासाला निघालेला असतो. मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा मात्र उत्तम. हवा सुखद असते, उजीत नवा चहा आलेला असतो, टोकियोत सुमोची स्पर्धा चालू असते आणि जूनचा पावसाळा अजून दूर असतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध धरा. क्योटोची लाल-पिवळी पानं तेव्हाच दिसतात आणि जपानी समुद्राकाठी खेकड्याचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या सणाची गर्दी असते. नववर्षाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत अनेक बाजार आणि छोटी उपाहारगृहं बंद असतात.

२. मार्ग एका दिशेने आखा

विमान टोकियोत उतरणारं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघणारं घ्या. परत टोकियोला येण्याचा एक दिवस आणि एक महागडं तिकीट वाचतं. बारा रात्रींची वाटणी अशी करता येईल: टोकियो ४, कानाझावा २, क्योटो ३, कोयासान १, ओसाका २. टोकियोहून कानाझावा शिन्कान्सेनने सुमारे अडीच तास. मार्च २०२४ पासून ही लाइन पुढे त्सुरुगापर्यंत जाते. तिथे गाडी बदलून क्योटो गाठायचं. क्योटो ते ओसाका साध्या जलद गाडीने अर्धा तास. जपानी व्हिसाच्या अर्जासोबत तारीखवार कार्यक्रम द्यावाच लागतो, म्हणून ही वाटणी अर्ज भरण्याआधीच पक्की करा.

३. शाकाहाराचा प्रश्न घरूनच सोडवून निघा

आपल्याकडे जशी फोडणी, तशी जपानी स्वयंपाकात ‘दाशी’. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवून किसलेला बोनिटो मासा यांचा हा अर्क मिसो सूपमध्ये असतो, सोबा नूडल्सच्या पातळ सॉसमध्ये असतो, भाज्या शिजवतानाही घालतात. ‘यात मासा आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे मिळतं, कारण दाशी म्हणजे मासा असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा प्रश्न दाशीचं नाव घेऊनच विचारायचा. ‘निकु, साकाना, साकाना नो दाशी वा ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस, मासे आणि माशांची दाशी खाता येत नाही, हे वाक्य जपानी लिपीत छापून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. अंडं, कांदा, लसूण चालत नसेल तर तेही त्यातच लिहा.

फसवे पदार्थ ओळखून ठेवा. इनारी-सुशीतली टोफूची पिशवी बहुधा दाशीत शिजवलेली असते. भाज्यांचा टेम्पुरा मागवला तरी सोबतचा सॉस दाशीचा असतो. सॉसऐवजी मीठ मागा, आणि तळणीचं तेल कोळंबीचंच असू शकतं हे गृहीत धरा. जपानी करीच्या तयार मसाल्यात बहुधा मांसाचा अर्क किंवा चरबी असते. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, सोबतच्या सॉसच्या पुडीमुळे फसवतं, कारण तिच्यातही दाशी असते.

यावरचा उतारा जपानच्याच परंपरेत आहे. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मांस-मासे तर वगळतंच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या गोष्टीही त्यात नसतात. त्याची दाशी कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची असते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही यात भरपूर निवड मिळते. मशरूम चालत नसतील तर मात्र आरक्षण करतानाच कळवावं.

४. प्रत्येक मुक्कामी एक जेवण, एक कला

टोकियो: माशांचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार मात्र जागेवरच आहे आणि सकाळच्या न्याहारीसाठी आजही तोच बरा. दोन्हीकडे रविवारी आणि बऱ्याच बुधवारी सुट्टी असते, तेव्हा वार पाहून जा. सुशी इथेच खावी. हाताने वळलेली निगिरी सुशी याच शहराची, ते एदो होतं तेव्हापासूनची. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातली खाद्यदालनं, म्हणजे ‘देपाचिका’, बंद होण्याच्या सुमारास डबे स्वस्त करतात. स्वयंपाकघराची हौस असणाऱ्यांनी उएनो आणि आसाकुसाच्या मधला काप्पाबाशी रस्ता चुकवू नये. सुऱ्या, वाडगे आणि दुकानांच्या काचेत मांडायचे मेणासारखे दिसणारे नकली पदार्थ, सगळं तिथे मिळतं.

आसाकुसातच मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. तिथला देव कांगितेन म्हणजे जपानात पोचलेलं गणपतीचं रूप. मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत. भक्त मोदकांऐवजी पांढरा मुळा वाहतात. संध्याकाळी गिन्झातल्या काबुकीझा या नाट्यगृहात एका अंकाचं तिकीट काढता येतं. पूर्ण खेळ अनेक तास चालतो, त्यामुळे पहिल्या ओळखीला एक अंक पुरे. मांसाहारी असाल तर शिंजुकूच्या नाकामुरायात एक जेवण ठेवा. भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे १९२७ साली तिथे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, आणि ती आजही मिळते.

कानाझावा: ओमिचो बाजारात जपानी समुद्राची मासळी येते आणि हिवाळ्यात खेकडा. केनरोकुएन ही बाग जपानच्या तीन नामवंत बागांपैकी एक. दुसरी ओकायामाची कोराकुएन. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्यावरूनच केलेलं आहे, त्यामुळे पुणेकरांना केनरोकुएनची मांडणी ओळखीची वाटेल. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो. हिगाशी चाया या जुन्या गल्लीत वर्ख लावायला शिकवणारी दुकानं आहेत आणि माचासोबत वागाशी, म्हणजे ऋतूप्रमाणे आकार बदलणारी मिठाई, देणारी चहाघरंही.

क्योटो: समुद्रापासून दूर आणि मंदिरांनी भरलेलं, म्हणून टोफू, युबा (सोया दुधाची साय) आणि लोणच्यांचं शहर. नान्झेन-जी मंदिराच्या परिसरात युदोफू, म्हणजे कोंबूच्या गरम पाण्यातला टोफू, मिळतो. अराशियामात तेन्र्यू-जीच्या आवारात ‘शिगेत्सू’ आहे. शोजिन र्‍योरीची पहिली ओळख दुपारच्या जेवणाला तिथे करून घ्या. निशिकी बाजारात विकत घेतलेलं दुकानापाशीच उभं राहून खायचं, चालत नाही. एक अर्धा दिवस उजीला द्या: चहाची दुकानं, आणि दहा येनच्या नाण्यावर जिचं चित्र आहे ती ब्योदो-इनची इमारत. चहाविधीचा तासाभराचा वर्ग आधी नोंदवून ठेवा. हा विधी आज ज्या रूपात आहे ते सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी घडवलं.

कोयासान: ‘आधी पोटोबा मग विठोबा’ हा क्रम इथे पाळता येत नाही, दोन्ही एकाच छपराखाली आहेत. कूकाई या भिक्षूने इ. स. ८१६ मध्ये हा डोंगर साधनेसाठी मिळवला. आज तिथली पन्नासहून अधिक मंदिरं यात्रेकरूंना मुक्कामाला घेतात. संध्याकाळी लवकर शोजिन जेवण, पहाटे प्रार्थना, मग पुन्हा तसंच न्याहारीचं ताट. तिळाचा गोमा-दोफू आणि गोठवून सुकवलेला कोया-दोफू ही इथली खासियत. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबलकार आणि बस. दुपारी चार-पाचपर्यंत पोचायलाच हवं. डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे, मे महिन्यातही रात्री गरम कपडे लागतात.

ओसाका: इथे खाणं रस्त्यावरचं. ताकोयाकीत ऑक्टोपस असतो. ओकोनोमियाकीच्या पिठात बहुधा दाशी. शाकाहाऱ्यांना कुशिकात्सूच्या, म्हणजे काडीला लावून तळलेल्या पदार्थांच्या, दुकानात कमळकाकडी, बटाटा, कांदा अशा काड्या मिळतात, पण तळण एकाच तेलात. सामाईक सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, उष्टी पुन्हा नाही. फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ साली ओसाकाच्याच परिसरात सुरू झाली. राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात खेळ असेल तर बाहुल्यांचं हे नाटक जरूर पाहा. एका मोठ्या बाहुलीला तिघे जण मिळून चालवतात.

५. पास घेण्याआधी बेरीज करा

सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. वरच्या मार्गात लांब पल्ल्याचे दोनच टप्पे आहेत आणि त्यांची सुटी तिकिटं मिळून साधारण २२ ते २४ हजार येन होतात. पास घेणं तोट्याचं. शहरांतल्या प्रवासाला सुइका किंवा इकोका कार्ड पुरतं. मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवरून ‘ताक्क्यूबिन’ने पुढच्या मुक्कामी पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. क्योटोहून निघताना ती सरळ ओसाकाला पाठवा आणि कोयासानला एका रात्रीची पिशवी घेऊन चढा.

६. मोठं जेवण दुपारी

रात्री ज्या हॉटेलात दहा-पंधरा हजार येन लागतात तिथेच दुपारचं ठरावीक ताट बऱ्याचदा निम्म्याहून कमी दरात मिळतं. दुपारी बहुधा साडेअकरा ते दोन हीच वेळ असते. रात्री साडेनऊला जेवायला निघायची सवय असेल तर ‘लास्ट ऑर्डर’ होऊन गेलेली असेल. मंदिरं चार-पाचला बंद होतात, म्हणून सकाळ मंदिराला, दुपार ताटाला आणि संध्याकाळ बाजाराला किंवा नाटकाला, असा दिवस लावा. नावाजलेल्या जागांचं आरक्षण महिनाभर आधी करा. ते करून न जाणं फार वाईट समजतात. जमणार नसेल तर वेळेत कळवा.

टीप देऊ नका. इझाकायात, म्हणजे जपानी मद्यगृहात, बसताच न मागता आलेली छोटी वाटी ‘ओतोशी’ असते आणि तिचे पैसे बिलात लागतात. भातात काड्या उभ्या खोचू नका आणि काडीकडून काडीकडे घास देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. नूडल्स ओरपताना आवाज झाला तर चालतो.

७. बॅगेत काय नको

ताजी फळं आणि भाज्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, म्हणून हापूस घरीच राहू द्या. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. सुडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानात बंद आहेत. डॉक्टरांनी दिलेली औषधं एका महिन्यापुरतीच आणि चिठ्ठीसह न्या. लहान दुकानांसाठी थोडे रोख येन जवळ असू द्या.

बारा रात्रींत पाच मुक्काम ही वरची मर्यादा माना; हिरोशिमा आणि होक्काइदो पुढच्या खेपेला. दिवस कमी असतील आणि एक मुक्काम गाळावाच लागला तर शाकाहाऱ्यांनी कानाझावा गाळावं आणि कोयासान ठेवावं. मासे खाणाऱ्यांनी नेमकं उलट करावं.