प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे?

प्रश्न : मी तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे. कर्मचारी प्रशिक्षण घेऊन येतात, पण कामात फरक दिसत नाही. काय करावे?

उत्तर : आधी दप्तर पाहा, मग नावे ठरवा. वारस नोंदी कुठे अडतात, फेरफाराच्या नोटिसा बजावताना काय चुकते, अपिलात कोणते आदेश फिरतात, हे मागच्या वर्षाच्या प्रकरणांतून काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 150 पाठ असलेल्या माणसालाही विवादग्रस्त नोंदीच्या सुनावणीचा कागद नीट लिहिता येतोच असे नाही. गरज तिथे असते. सहसा मात्र ज्याच्या टेबलावर काम कमी, त्यालाच ‘यशदा’ या प्रशिक्षण संस्थेत धाडले जाते. ही सवय मोडाच.

ज्याचे काम, त्यालाच पाठवा. त्या दिवसांत त्याचा पदभार दुसऱ्याकडे लेखी द्या, नाहीतर तो वर्गात बसून फोनवर कार्यालय चालवेल. परतल्यावर त्याचे टेबल लगेच बदलू नका. शिकलेले त्याने सहकाऱ्यांसमोर एखाद्या चालू प्रकरणावर करून दाखवावे. नव्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना तर अनुभवी मंडळ अधिकाऱ्यासोबत सुनावणीला बसवणे मला वर्गापेक्षा मोलाचे वाटते.

2020मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीमुळे ‘आयगॉट’ या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर भरपूर अभ्यासक्रम आहेत. त्यांसाठी कार्यालयीन वेळेतच तास राखून ठेवा. प्रमाणपत्रे मोजू नका. परत येणारी प्रकरणे कमी झाली का, ते सहा महिन्यांनी तपासा.